अभ्यासासाठी मॉनिटर

मराठी मध्यमवर्गीय घरात कुठलीही महाग वस्तू स्वतःच्या नावाने येत नाही. टीव्ही 'बातम्यांसाठी' येतो, स्कूटर 'आईला दवाखान्यात न्यायला' येते आणि कॉम्प्युटर... तो तर अर्थातच 'अभ्यासासाठी'! नव्वदीच्या शेवटी आणि दोन हजारच्या सुरुवातीला आमच्या पिढीच्या घरोघरी जे असेंबल केलेले डबे आले, ते एकजात अभ्यासासाठी आले होते. त्यावर अभ्यास किती झाला ते 'डेव्ह' आणि 'रोड रॅश'ला विचारा. आमच्या वडिलांनाही हे ठाऊक असायचं. पण खेळासाठी पैसे घातले असं चारचौघांत म्हणवत नसे, आणि अभ्यासासाठी म्हटलं की सोसायटीचं कर्ज काढलं तरी चालायचं.

हे पुराण आत्ताच सुचायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आमच्या घरचा मॉनिटर वारला. १९ इंची, बारा-तेरा वर्षं इमानाने राबलेला. आधी लुकलुकायला लागला, मग काळा पडला. टॉर्च मारून पाहिलं तर आत चित्र अंधुक दिसत होतं, म्हणजे बॅकलाइट गेला. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर नवाच घ्यायचं ठरलं. बजेट रुपये दहा हजार फक्त. चिरंजीवांची अकरावीची फी आणि क्लासचा पहिला हप्ता याच महिन्यात गेलेला, त्यामुळे हा 'फक्त' खरोखरचा होता.

बायको म्हणाली, "घेऊन टाकूया. त्याला अभ्यासालाही लागेलच ना."

तर चिरंजीव म्हणतात कसे, "आई, अभ्यासाला लॅपटॉप आहे ना. मॉनिटर मला गेमसाठीच हवाय."

घरात क्षणभर शांतता. आमच्या घराण्यात हे वाक्य बहुधा पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं!

मग त्याने कारण सांगितलं. दहावीनंतर त्याचा कंपू फुटला. एकाच्या वडिलांची नागपूरला बदली झाली, एक नाशिकला आजीकडे राहायला गेला, उरलेल्या दोघांची कॉलेजं वेगळी. हे पाच जण रोज रात्री साडेनऊला 'व्हॅलोरंट' खेळायला जमतात. या खेळात एका संघात पाचच जण असतात. मॉनिटर गेल्यापासून तिकडे चौघे आणि पाचवा कुणीतरी अनोळखी. "ते बोलतात, बाबा, पण मी नसतो त्यात," एवढंच म्हणाला. आमच्या वेळी कट्टा होता. त्यासाठी पैसे लागत नव्हते म्हणून त्याला कुणी नाव ठेवलं नाही, इतकाच काय तो फरक.

तर मंडळी, वस्तू कशासाठी हवी हे एकदा खरं सांगितलं की निवड किती सोपी होते, हे मला या मॉनिटरने शिकवलं. 'अभ्यासासाठी' म्हणून गेलो असतो तर मोठ्यात मोठा पडदा शोधला असता. खेळासाठी म्हटल्यावर पहिला प्रश्न पडद्याचा उरतच नाही. तो असतो, चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड काय कुवतीचं आहे? आमच्याकडे आहे जीटीएक्स १६५०, ४ जीबीचं, म्हणजे २०१९ सालचं बेतास बात कार्ड.

आता थोडं गणित. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. त्यावरचा क्वाड एचडी, २५६० गुणिले १४४०, म्हणजे सुमारे ३७ लाख. आणि फोर-के घेतला तर ८३ लाख. हे सगळे ठिपके कार्डाला सेकंदाला शंभर-शंभर वेळा रंगवायचे असतात. आमच्या कार्डाला व्हॅलोरंटसारखा हलका खेळ २१ लाखांवर छान झेपतो. जड खेळ आणि ३७ लाख ठिपके म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मग आज मोती घ्यायचा आणि सहा महिन्यांनी त्याच्यासाठी नवं नाक! 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण नेहमी 'कमी खर्च करा' अशी वाचतो. पण ती आधी अंथरूण बघायला सांगते. इथे अंथरूण म्हणजे ते कार्ड. त्यामुळे फुल एचडी ठरलं. आणि फुल एचडी म्हणजे २४ इंचच. तेवढेच ठिपके २७ इंचांवर पसरले की अक्षरं भरड दिसायला लागतात.

दुसरा आकडा हर्ट्झचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचा. जुना मॉनिटर ६० चा होता, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र. १०० ला हा वेळ १० वर येतो, १४४ ला ६.९, १८० ला ५.६ आणि २४० ला ४.२. गंमत बघा, ६० वरून १४४ वर गेलं की जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात, पण १४४ वरून २४० वर गेलं की पुरते ३ सुद्धा नाहीत. पुढचे आकडे जाहिरातीत मोठे दिसतात, डोळ्यांना कमी. म्हणून १४४ च्या पुढे जे मिळेल तो बोनस असं ठरवलं.

पडद्याची जात हा तिसरा मुद्दा. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो. कॉन्ट्रास्ट साधारण ३००० ला १, तर आयपीएसचा साधारण १००० ला १. पण स्वस्तातल्या व्हीएमध्ये अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे काजळाचा फराटा उमटतो. शिवाय आमचा कॉम्प्युटर हॉलमध्ये, डोक्यावर ट्यूबलाइट, शेजारी आजीची मालिका. तिथे गडद काळा दिसणार कुणाला? आयपीएस.

मग खोक्यावरची विशेषणं. '१ मिलिसेकंद' हे दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतात. एकात ठिपक्याचा रंग बदलायला लागणारा वेळ असतो, तर दुसरीत मागचा दिवा भराभर उघडझाप करून हालचाल रेखीव दिसेल अशी सोय केलेली असते. खोक्यावर दोन्ही सारखेच मिरवतात. 'एचडीआर'चं तसंच. स्वस्त मॉनिटरवर त्याचा अर्थ बहुतेकदा 'तसा सिग्नल आला तर घेईन' एवढाच. डिस्प्लेएचडीआर या प्रमाणपत्राची सगळ्यात खालची पायरी ४०० निट्स उजेडाची आहे आणि आमच्या बजेटमधले पडदे २५० ते ३०० चे. म्हणून त्या शब्दासाठी एक पैसाही जास्त द्यायचा नाही असं ठरवलं.

एका गोष्टीवर मात्र अडून बसलो, ती म्हणजे अ‍ॅडाप्टिव्ह सिंक. कार्ड एका क्षणी ९० चित्रं देतं, दुसऱ्या क्षणी १३०, आणि पडदा आपल्या ठरल्या ठेक्याने चालतो. मग अर्धं जुनं, अर्धं नवं असं फाटलेलं चित्र दिसतं. अ‍ॅडाप्टिव्ह सिंक असलं की पडदा कार्डाच्या लयीने चालतो, जसा चांगला तबलजी गायकाला सांभाळून घेतो. पूर्वी एनव्हिडियाच्या कार्डांना यासाठी वेगळे महाग मॉनिटर लागत. जानेवारी २०१९ पासून डिस्प्लेपोर्ट केबलने साध्या मॉनिटरवरही हे चालू लागलं.

रविवारी काही दुकानं बंद असतात म्हणून शनिवारी आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. दुकानदाराने अपेक्षेप्रमाणे आधी २७ इंची क्वाड एचडी लावून दाखवला. सोळा हजार. सुंदर होता हो! चिरंजीव दोन मिनिटं बघत राहिले. माझ्याही मनात हप्त्यांचा हिशेब सुरू झाला. मग तोच म्हणाला, "बाबा, चल, आपलं कार्ड ओढणार नाही हे." सोळा वर्षांच्या पोराने मोहाला इतक्या शांतपणे नाही म्हणावं याचं कौतुक वाटलं, आणि थोडं वाईटही. घरातला 'फक्त' मुलांना लवकर कळतो.

शेवटी २४ इंची, आयपीएस, १८० हर्ट्झ, अ‍ॅडाप्टिव्ह सिंकवाला घेतला. ९,८००. दुकानातच चालू करून पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर मेलेले ठिपके तपासले. खोक्यात फक्त एचडीएमआय केबल होती, म्हणून डिस्प्लेपोर्टची ४०० ला वेगळी घेतली. वरचे दोनशे चिरंजीवांनी वाढदिवसाच्या पैशांतून काढून दिले. मी 'राहू दे' म्हणणार होतो, पण म्हटलं नाही. त्याच्या खेळात त्याचाही वाटा असू दे. स्टँडची उंची वाढत नाही, तेव्हा खाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवलाय. साहित्याचा भक्कम आधार म्हणतात तो हाच! तुम्ही असा मॉनिटर घेतलात तर एक मात्र करा. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन १८० स्वतः निवडा, नाहीतर तो बापडा ६० वरच चालत राहील आणि तुम्हाला वाटेल पैसे फुकट गेले.

या सगळ्यातून माझ्यापुरतं एक कळलं. सबबीने आणलेल्या वस्तूला दोन मालक असतात, ती सबब आणि आपण. मग ती दोघांनाही धड पुरत नाही. खेळायला बसलं की 'अभ्यासासाठी आणलाय ना?' हा टोमणा तयार असतो. आता तो कुणाला मारता येणार नाही, आणि साडेदहाला 'बंद कर आता' हेही सरळ सांगता येतं, कारण खेळाला वेळ असते, सबबीला नसते.

बायको घरखर्चाची वही लिहिते. तिथे फी, किराणा, औषधं, शिक्षण असे रकाने आहेत. हा खर्च कुठल्या रकान्यात घालायचा यावर तिने थोडा विचार केला आणि पट्टी घेऊन एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'खेळ'.