नव्वद खोडून चाळीस

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पासाठी मी विषय घेतला : शरीरसंबंधांपासून दूर राहणं आपल्याला जमेल, याची अकरावीतल्या मुलामुलींना किती खात्री वाटते? मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, आधी ओझ्याचं विचार. दहा किलो उचलाल? वीस? पन्नास? प्रत्येकासमोर ० ते १०० मध्ये खात्री लिहायची. मला काही कळेना. नंतर समजलं, ही रीत अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाची. स्वक्षमतेची, म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला जमेल या विश्वासाची, कल्पना त्यांनी १९७७ साली मांडली. आकड्यांची सवय व्हावी म्हणून ते आधी ओझ्याचा सराव देत.

पहिल्या मसुद्यात मी 'संयम' लिहिलं. मुलांना तो उपदेश वाटला. मग 'संबंध' लिहिलं, तर एकाने विचारलं, "मॅडम, कसले? मैत्रीचे?" शेवटी सरळ 'शरीरसंबंध' लिहिलं आणि वर्गात ते मोठ्याने वाचताना माझाच आवाज कापला.

'नकार द्याल का?' यावर जवळपास सगळ्यांनी १०० लिहिले. मला आनंद झाला, मॅडमना नाही. वाटेत अडथळाच नसेल तर कुणालाही जमतं, त्या म्हणाल्या. शिवाय 'देईन' हा इरादा, 'देऊ शकेन' ही क्षमता. आपल्याला दुसरी मोजायची आहे. मग प्रसंग चढत्या क्रमाने लिहिले : घरी कुणी नसताना, आवडती व्यक्ती आग्रह करत असताना, नकार दिला तर ती सोडून जाईल अशी भीती असताना.

तिथे आकडे घसरले. एका कागदावर शेवटच्या प्रसंगापुढे नव्वद खोडून चाळीस लिहिले होते. समासात पेन्सिलीने बारीक अक्षर : 'आणि त्याने ऐकलंच नाही तर?'

मी रात्रभर तो कागद घेऊन बसले. मुलांनी मोकळेपणाने लिहावं म्हणून आम्ही नावं घेतली नव्हती. आता त्याचमुळे मला ते लिहिणाऱ्या मुलीपर्यंत पोहोचता येत नव्हतं. सकाळी मॅडमना कागद दाखवला. त्याच दिवशी वर्गात जाऊन १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक फळ्यावर लिहिला, पॉक्सो कायदा समजावला, कुणाशी बोलता येईल ते सांगितलं. नजर एकाही चेहऱ्यावर थांबू दिली नाही.

नकार देणाऱ्याचीच ताकद मी मोजत बसले होते. प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवला, मुलगे-मुली सगळ्यांसाठी : 'समोरची व्यक्ती नको म्हणाली, तर त्याच क्षणी थांबणं तुम्हाला जमेल, याची किती खात्री आहे?'