पहिल्या वर्गाची जागा

आम्हां कोल्हापूरकरांना आगगाडीचा पहिला वर्ग म्हणजे मुंबईपर्यंत निवांत निजण्याची सोय वाटते. मुंबईच्या लोकलमधील पहिला वर्ग हा निराळाच प्रकार. कचेरीच्या वेळी तेथेही बहुधा उभेच राहावे लागते. दुसरा वर्ग पुष्कळदा त्याच डब्यात, मध्ये केवळ एक जाळी! कित्येक पट भाडे भरून मनुष्य विकत घेतो ती थोडी कमी चेंगराचेंगरी. आणि शिवाय तो डबा जिन्यापाशीच थांबावा, असे त्याला वाटते.

रेल्वेने हे डबे एकत्र न ठेवता गाडीत ठिकठिकाणी विखुरले आहेत, व त्यांच्या खुणेसाठी फलाटावर तांबडे-पिवळे तिरपे पट्टे ओढले आहेत. हे शहाणपणाचेच झाले. चर्चगेटसारख्या अखेरच्या स्थानकात बाहेरची वाट गाडीच्या तोंडाशी, वाटेतल्या स्थानकांवर पूल कोठेही. सर्वांना सोयीची अशी एक जागा नाहीच.

तथापि जादा पैशांत ऐसपैसपणा मिळावा, जिना का मिळावा? हजेरीपटाची धास्ती दुसऱ्या वर्गातील कारकुनालाच अधिक. जिन्यासमोरची जागा राखून द्यायचीच, तर ती अपंगांच्या डब्यास द्यावी. पहिल्या वर्गाच्या उतारूने चार पावले चालावे.