राष्ट्राला देऊन टाकलेले गीत

माझी आजी सांगायची, तिच्या आईने हातातली चांदीची कांकणे उतरवून खिलाफतीच्या चंद्यात टाकली होती. तुर्कस्तान कुठे आहे, हे त्या कोकणी बाईला ठाऊक नव्हते. १९१९ मध्ये मुंबईत केंद्रीय खिलाफत कमिटी उभी राहिली, गावोगाव चंदा जमला आणि त्यातला पैसा पुढे अंकारालाही पोचला. भायखळ्याचे खिलाफत हाऊस आपल्याला माहीत असते. पण ज्यांच्यासाठी हा चंदा जमत होता, ती माणसे त्या दिवसांत कोणते गीत गात होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

ते गीत म्हणजे ‘इस्तिक्लाल मार्शी’, स्वातंत्र्याचे गीत. १९१९च्या मे महिन्यात ग्रीक फौजा इझमीरला उतरल्या. १९२०च्या मार्चमध्ये दोस्तराष्ट्रांनी इस्तंबूलवर रीतसर कब्जा केला. एप्रिलमध्ये अंकाराला राष्ट्रीय सभा भरली. तिच्याजवळ पैसा नव्हता, पुरेशी शस्त्रे नव्हती. सैनिकांना धीर यावा म्हणून शिक्षणखात्याने गीताची स्पर्धा जाहीर केली. बक्षीस ५०० लिरांचे. ७२४ कविता आल्या, पण एकही मनासारखी निघेना.

त्या काळातले मोठे शायर मेहमत आकिफ तेव्हा अंकारातच होते. शिक्षणाने ते गुरांचे डॉक्टर, वृत्तीने पक्के दीनदार. कस्तमोनूच्या नसरुल्ला मशिदीत त्यांनी केलेले प्रवचन छापून आघाडीवर वाटले गेले होते. तरीही ते स्पर्धेत उतरले नव्हते. देशासाठी लिहायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे, हे त्यांना पटत नव्हते. अखेर शिक्षणमंत्री हमदुल्ला सुप्ही यांनी पत्र लिहून गळ घातली, बक्षिसाची अडचण आपण दूर करू असा शब्द दिला. मग ताजुद्दीन दर्ग्यातल्या आपल्या खोलीत बसून आकिफ यांनी गीत लिहिले. बक्षिसाची रक्कम त्यांनी गरीब बायका-मुलांना हुन्नर शिकवणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. त्या कडाक्याच्या थंडीत त्यांच्याजवळ स्वतःचा ओव्हरकोट नव्हता, बाहेर पडताना ते मित्राचा घालून जात, असे सांगतात.

१२ मार्च १९२१ रोजी सभेने हे गीत राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले. ते सैन्याला अर्पण केलेले आहे आणि त्याची सुरुवातच ‘भिऊ नका’ असे सांगून होते. हे सांगण्याची वेळ लक्षात घेतली पाहिजे. विजय अजून दीड वर्ष दूर होता. त्याच उन्हाळ्यात ग्रीक सैन्य इतके जवळ आले की तोफांचे आवाज अंकारात ऐकू येऊ लागले. म्हणजे हे गीत जिंकलेल्यांचे नव्हे, हरण्याच्या काठावर उभ्या असलेल्यांचे आहे.

पुढची हकिगत मात्र मन उदास करणारी आहे. देश स्वतंत्र झाला, १९२३ मध्ये प्रजासत्ताक आले, ३ मार्च १९२४ला खिलाफत बरखास्त झाली. आजीच्या आईची कांकणे ज्या खलिफासाठी गेली होती, तो खलिफाच उरला नाही. नव्या राजवटीत आकिफ यांचे मन रमेना. गुप्त पोलीस मागावर असतात, याचे दुःख ते मित्रांजवळ बोलून दाखवत. १९२५ मध्ये ते इजिप्तला गेले आणि जवळजवळ अकरा वर्षे तिथेच राहिले. १९२८ मध्ये तुर्की लिपी बदलली. ज्या अक्षरांत ते गीत लिहिले गेले, ती अक्षरे पुढच्या पिढीला वाचता येईनात.

१९३६ मध्ये ते आजारी होऊन परतले. २७ डिसेंबरला इस्तंबूलमध्ये त्यांचे निधन झाले. सरकारी इतमाम नव्हता. बेयाझित मशिदीसमोर साधाच जनाजा आला. तो कुणाचा, हे कळताच विद्यापीठातली पोरे धावली, त्यांनी झेंडा आणून ताबूतावर घातला आणि खांद्यावरून कब्रस्तानापर्यंत नेले. सरकारला आठवण उशिरा झाली. १९८३ मध्ये १०० लिरांच्या नोटेवर आकिफ यांचे चित्र आले. पैसे नाकारणाऱ्याचे चित्र पैशावर!

आपल्याकडे देशप्रेमाची परीक्षा घेणाऱ्यांची कमतरता नाही. मी नोकरीत असताना क्रिकेटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी काही सहकारी माझा चेहरा निरखून पाहत. अशा वेळी चीड येते, आणि चिडून माणूस एकतर मोठमोठ्याने ग्वाही देऊ लागतो, नाहीतर कोपऱ्यात जाऊन बसतो. ज्यांचे गीत सारा देश गात होता, त्यांच्याही मागे पोलीस लागले. आकिफ यांनी त्या गीताचा दाखला पुढे करून काही मागितले नाही, आणि रागावून गीत परतही घेतले नाही. ‘सफहात’ या आपल्या काव्यसंग्रहात त्यांनी ते घातलेच नाही. ते राष्ट्राचे आहे, माझे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारशी त्यांचे जमले नाही, पण देश त्यांनी सरकारच्या हवाली केला नाही.

अखेरच्या आजारात कुणीतरी त्यांच्यापुढे नवे राष्ट्रगीत लिहिण्याचा विषय काढला. तेव्हा ते म्हणाले, या कौमवर पुन्हा असे गीत लिहिण्याची पाळी अल्लाने आणू नये. युद्धगीत लिहिणाऱ्याने मागितलेली ही दुआ आहे. आपणही तिला आमीन म्हणावे.