खळ्याचा हिशोब

३ जून २०२०ला निसर्ग वादळानं दिवेआगरची आमची सुपारीची वाडी एका दुपारीत आडवी केली. दोनशे पोफळींतल्या अकरा उरल्या. घराची कौलं परत चढली, तसा मी खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या मागे लागलो. मुंबईहून भावंडं येतात, त्यांना बसायला नीट जागा हवी. वहीत मांडलं: पेव्हर ब्लॉक ३६ हजार, लोखंडी झोपाळा १४, हिरवळ नि दिवे १०. झाले ६० हजार.

आईनं वही लांब धरून वाचली. तेव्हा ती ७४ वर्षांची. "झोपाळा खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे तरी टिकेल का रे? नि ते पेव्हर तापले की बसायचं कुठे?"

पडलेल्या पोफळी तोडून तिनं कडेला रचून ठेवल्याच होत्या. त्यांचेच खांब पुरून मांडव घालायचा, वर नारळाचे झाप. पावसाआधी उतरवायचा. खर्च काय, तर सुंभ नि दोन गड्यांची मजुरी. उरलेले पैसे वाडीत.

"मग पोफळीची रोपं आणतो," मी म्हणालो.

"आधी केळी. उघड्या उन्हात रोप करपेल."

ऊन अडवायला वाडीत झाडच राहिलं नव्हतं, हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

"पीक धरायला सहा-सात वर्षं जातील, आई." पुढचं बोललो नाही. तिला कळलं.

"मला कुठे बाजारात न्यायचीय सुपारी?" म्हणाली, नि दोरी घेऊन नऊ-नऊ फुटांवर खुणा करायला गेली.