सूक्ष्म स्फटिकांचा सहवास

ज्या खनिज-नमुन्याचे खरे रूप भिंगाखालीच उलगडते आणि जो त्यासाठी एका छोट्या डबीत कायमचा बसवलेला असतो, त्याला खनिजसंग्राहक ‘मायक्रोमाउंट’ म्हणतात. सुमारे अडीच सेंटिमीटरची ही डबी प्रकाशाचे परावर्तन टाळण्यासाठी आतून काळी केलेली असते. तिच्यात बुचाच्या किंवा बारीक काडीच्या आधारावर गोंदाच्या थेंबाने स्फटिक बसवतात आणि वर खनिजाचे नाव व प्राप्तिस्थान लिहितात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियातील जॉर्ज रेकस्ट्रॉ आणि जॉर्ज फिस यांनी या पद्धतीला आकार दिला.

संग्राहकाच्या आयुष्यात मात्र या डबीचा प्रवेश सहसा उशिरा होतो. तरुणपणी त्याला भव्यतेची ओढ असते, आणि महाराष्ट्रात ती पुरवण्याची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांतून झिरपलेल्या उष्ण, खनिजयुक्त पाण्यातून ॲपोफिलाइट आणि झिओलाइट गटातील, म्हणजे रचनेतच पाणी धारण करणारी स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांसारखी खनिजे स्फटिकरूपाने जमली, आणि खडीसाठी काळा कातळ फोडणाऱ्या दगडखाणींनी ती उजेडात आणली. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत.

वय वाढते, कपाटे भरतात आणि संग्राहकाची नजर मोठ्या स्फटिकांच्या सांदीतल्या बारीक कणांकडे वळते. जागेची अडचण हे या बदलाचे निमित्त असते. त्याचे खरे कारण स्फटिकाच्या वाढीत दडलेले आहे. मोठा स्फटिक शेजाऱ्यांना भिडून वेडावाकडा होतो, सुरुंगाच्या हादऱ्याने त्याच्या कडा उडतात. सूक्ष्म स्फटिकाला मात्र पोकळीत मोकळी जागा मिळते, त्यामुळे त्याचे पैलू पुष्कळदा निर्दोष राहतात. शिवाय अनेक दुर्मीळ खनिजे डोळ्यांना दिसतील एवढ्या आकाराची सहसा होतच नाहीत. पुण्याजवळच्या वाघोलीचे कॅव्हान्साइट याला अपवाद ठरले. कॅल्शियम आणि व्हॅनेडियम यांच्या या निळ्या, जलयुक्त सिलिकेटाचे शास्त्रीय वर्णन 1973 मध्ये अमेरिकेतील ऑरेगनच्या अगदी बारीक स्फटिकांवरून झाले होते, आणि वाघोलीने पुढे त्याचे टपोरे, नजरेत भरणारे गुच्छ जगाला दिले. त्याच्याच रासायनिक घटकांचे, पण वेगळ्या अणुरचनेचे पेंटागोनाइट तेथेच, परंतु फार विरळा सापडते. त्याचे स्फटिक एकमेकांशी ठरावीक कोनात जुळून वाढले की पाच अंगांची आकृती तयार होते आणि ती नीट ओळखायला सूक्ष्मदर्शकच लागतो.

दोन नेत्रिकांच्या सूक्ष्मदर्शकातून दहा ते चाळीस पट मोठे करून पाहण्याचा हा अभ्यास माणसालाही घडवतो. मॉर्डेनाइटचे केसासारखे तंतू बोटाच्या नुसत्या स्पर्शाने आडवे होतात आणि मग ते पूर्ववत करता येत नाहीत. म्हणून हात लावण्यापूर्वी पाहणे आणि ठाम मत देण्यापूर्वी पडताळणे ही सवय अंगी बाणते. अधिक मिळवण्याच्या तरुण हौसेची जागा हळूहळू अधिक नीट पाहण्याची इच्छा घेते. या छंदातून आयुष्याला मिळणारी सर्वांत मोठी देणगी हीच आहे.

उतारवयात हात स्थिर राहत नाहीत, दृष्टी मंदावते आणि संग्रहाचे पुढे काय होणार हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर स्फटिकाच्या सौंदर्यापेक्षा डबीवरच्या चिठ्ठीत असते. खाणी बंद पडतात, बुजवल्या जातात, शहर वाढून त्यांच्यावर इमारती उभ्या राहतात. मग कोणत्या जागी, कोणत्या खनिजांच्या सोबतीने काय वाढले होते याचा पुरावा अशा नोंदींतच उरतो. प्राप्तिस्थान हरवलेला सुंदर नमुना शोभेची वस्तू होतो, तर नोंद असलेला साधा कणही अभ्यासकाच्या उपयोगी पडतो. म्हणून ज्यांच्या घरी असे नमुने आहेत, त्यांनी ते कोठून, कधी आणि कोणाकडून आले हे आठवते आहे तोवर लिहून ठेवावे, आणि तो संग्रह त्या नोंदींसह एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे किंवा जाणत्या तरुण हातांकडे सोपवावा.