अटकेपुरते बळ

चि. माई,


कायद्याच्या नजरेत अटक ही अगदी साधी कृती आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे पोलिसाने आरोपीच्या अंगाला हात लावला किंवा त्याला अडवून धरले की अटक झाली. आरोपी शब्दाने वा कृतीने आपणहून ताब्यात आला, तर हात लावण्याचीही गरज नाही. दारात पोलीस उभे पाहून जो माणूस ‘चला, येतो’ म्हणून चपला पायात सरकवू लागतो, त्याची अटक तिथेच पूर्ण होते. मग कॉलर धरणे, मानगुटीला धरून जीपमध्ये कोंबणे, आळीसमोर दोन थपडा लावणे हे सगळे वरकड. त्याला कायद्याचा आधार नाही.

बळाची परवानगी त्याच कलमात पुढे येते. आरोपीने अंगबळाने विरोध केला किंवा तो निसटू पाहू लागला, तर अटकेसाठी आवश्यक ती सर्व साधने वापरता येतात. मात्र ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार या कलमातून मिळत नाही. कलम ४६ म्हणते, पळून जाऊ नये एवढ्यापुरताच बंदोबस्त, त्याहून जास्त नाही. म्हणजे बळाचे माप आरोपीने काल काय केले यावर ठरत नाही; तो या घडीला काय करतो आहे यावर ठरते. पाच कोटींचा अपहार करून सोफ्यावर मुकाट बसलेल्या माणसावर शून्य बळ लागते. दोनशे रुपयांसाठी सुरा काढणाऱ्यावर बरेच लागू शकते. गुन्ह्याचा राग आणि अटकेचा जोर यांची गल्लत झाली की शिक्षा ठाण्यातच सुरू होते, आणि ती देण्याचे काम न्यायालयाचे आहे.

त्याआधीचा प्रश्न असा की अटक हवीच का. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, अटकेची कारणे लिहून ठेवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात बजावले. आता कलम ३५ मध्ये हजर राहण्याच्या नोटिशीची तरतूद आहे. नोटीस पाळणाऱ्याला कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. तीन वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि आरोपी आजारी-दुर्बळ किंवा साठीच्या पुढचा असेल, तर उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. फसवणूक, साधी चोरी, किरकोळ भांडण अशा प्रकरणांत अनेकदा नोटिशीवर काम भागते. जिथे अटक टळते तिथे झटापटही टळते.

बेड्यांचा इतिहास जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे. प्रेमशंकर शुक्ल नावाच्या कैद्याने तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयाला तार केली की कोर्टात नेताना आपल्याला बेड्या घालतात. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर निकाल दिला. तेव्हाच्या पंजाब पोलीस नियमांत ‘वरच्या वर्गा’तल्या कैद्यांना सहसा बेड्या नसत, सामान्यांना मात्र असत. प्रतिष्ठित माणूस पळत नाही आणि गरीब पळतो, या समजाला न्यायालयाने थारा दिला नाही. बेडी हा अपवाद, तिची कारणे लेखी हवीत, असे ठरले. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेने मात्र बेड्यांना पहिल्यांदा स्पष्ट जागा दिली. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, दहशतवाद, अमली पदार्थ, बनावट नोटा अशी बेडी कोणाला घालता येते याची यादी त्यात आहे. पहिल्या मसुद्यात आर्थिक गुन्हेही होते. संसदीय समितीच्या शिफारशीवरून ते वगळले गेले. यादीत नाव आहे म्हणून बेडी घातलीच पाहिजे असे नाही, घालता येते एवढेच. छायाचित्रकार आले की बेड्या बाहेर काढायच्या, ही रीत या यादीत कुठेही बसत नाही.

आता खरी मेख. अहिंसक गुन्ह्यात हात बहुधा उगारला जातो तो गुन्ह्यामुळे नव्हे, तर उलट उत्तरामुळे. हातगाडी हलवायला सांगितलेला फळवाला विचारतो, ‘साहेब, काटा नेताय तर पावती द्या.’ बघे थांबतात, दोन मोबाइल वर होतात, आणि वाद गाडीचा न राहता कोणाचा शब्द खाली पडणार याचा होतो. पण अपमान म्हणजे प्रतिकार नव्हे. ‘सरकारी कामात अडथळा’ म्हणून जे कलम सर्रास तोंडावर फेकले जाते, ते पूर्वीचे दंड संहितेतले ३५३ आणि आताचे भारतीय न्याय संहितेतले १३२, त्यालाही हल्ला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग लागतो. नुसती हुज्जत त्यात बसत नाही.

या मार्गाचा शेवट कुठे होतो ते जून २०२० मध्ये तमिळनाडूतल्या सातानकुलमला दिसले. टाळेबंदीत मोबाइलचे दुकान ठरलेल्या वेळेनंतर उघडे ठेवल्याच्या आरोपावरून बाप-लेकांना ठाण्यात नेले. रात्रभर मारहाण झाली आणि काही दिवसांतच दोघेही दगावले. त्यांनी जमिनीवर लोळून स्वतःला इजा करून घेतली, असे एफआयआरमध्ये लिहिले होते. दुकानाजवळच्या सीसीटीव्हीत तसे काही दिसले नाही. ठाण्यातले चित्रण तर रोज आपोआप पुसले जाईल अशी सोय होती. त्याच ठाण्यातल्या एका महिला हेड कॉन्स्टेबलने चौकशीला आलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना रात्री काय घडले ते सांगितले. या प्रकरणात वर्दीची अब्रू कोणी राखली असेल तर तिने.

असे होऊ नये म्हणून तणाव उतरवण्याचे कसब शिकण्यासारखे आहे, आणि ते मऊपणाचे नाव नाही. त्यात पहिली गोष्ट वेळ. ज्याच्या हाती शस्त्र नाही आणि ज्याचा पत्ता माहीत आहे, त्याला पाच मिनिटे बोलू दिल्याने कायद्याचे काही बिघडत नाही. दुसरी गोष्ट अंतर: हात पोचणार नाही इतके मागे आणि जरा तिरके उभे राहिले की समोरच्याला कोंडल्यासारखे वाटत नाही. बोलणारा पोलीस एकच हवा. तिघे एकदम ओरडले, एक ‘बस’ म्हणाला, दुसरा ‘उठ’ म्हणाला, तर माणूस कोणाचेच ऐकत नाही, आणि ते न ऐकणे मग विरोध म्हणून नोंदले जाते. बघ्यांना दूर करणे किंवा त्या माणसालाच बाजूला घेणे याचा मोठा उपयोग होतो, कारण चारचौघांत माघार घेणे कोणालाही जड जाते. ‘पायी येता की गाडी बोलावू?’ असा लहानसा पर्याय दिला तरी येण्याचा मुद्दा वादाबाहेर जातो. ऐकू न येणारा, मनोरुग्ण, दारूत बुडालेला किंवा मराठी न समजणारा परप्रांतीय मजूर यांच्या गप्प राहण्याला मुजोरी समजण्याची घाई तर मुळीच नको.

बळ वापरावेच लागले, तर ते थांबवायचे केव्हा हे आधी ठरलेले असावे. मिनिआपोलिसमध्ये २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइडला पकडले ते वीस डॉलरची बनावट नोट चालवल्याच्या संशयावरून. डेरेक शॉविन या पोलिसाने त्याच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त काळ गुडघा दाबून धरला, तेव्हा त्याच्या हातांत बेड्या पडून बराच वेळ झाला होता. पालथ्या माणसाच्या मानेवर-पाठीवर वजन आले की छाती फुलायला जागा उरत नाही. श्वासासाठी तो धडपडतो, ती धडपड विरोधासारखी दिसते, आणि दाब आणखी वाढतो. म्हणून हात बांधले गेले की लगेच वजन काढावे, माणसाला कुशीवर वळवावे किंवा उठवून बसवावे. ‘श्वास घेता येत नाही’ हे वाक्य नाटक म्हणून सोडून द्यायचे नसते.

यानंतर उरते कागदाचे काम, आणि ते दुय्यम नाही. डी. के. बसू खटल्याच्या १९९६ च्या निकालानुसार अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा मेमो साक्षीदाराच्या सहीने व्हावा आणि नातेवाइकाला कळवले जावे. कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. अंगावर जखम असेल तर डॉक्टर ती नोंदवतो आणि त्या अहवालाची प्रत आरोपीला मिळते. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला आणि चित्रण किमान वर्षभर जपायला सांगितले. स्टेशन डायरीत ‘सौम्य बळाचा वापर केला’ एवढे लिहून भागत नाही. आरोपीने नेमके काय केले, त्याला काय सांगितले, त्यावर कोणी काय केले आणि ते किती वाजता थांबवले, एवढे त्या नोंदीत यायला हवे.

तुझा,
काका