एदेनच्या दाराबाहेर

फ्लॉरेन्सला गेलेला प्रवासी उफिझीची दालने पाय दुखेपर्यंत हिंडतो. पण आर्नो नदीचा पूल ओलांडून सान्ता मारिया देल कार्मिने या चर्चपर्यंत जाणारे त्या मानाने थोडे. चर्चचा दर्शनी भाग ओबडधोबड दगडांचा, अपुराच राहिलेला. १७७१ च्या आगीत आतली बरीच हानी झाली. ब्रान्काची घराण्याचे प्रार्थनागृह मात्र बचावले.

तेथे डाव्या खांबावर, उंचावर, मासाच्चोचे भित्तिचित्र आहे. सुमारे १४२५ सालचे. चित्रकार तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर. १४२८ मध्ये तो गेलाही. विषय सर्वांच्या ओळखीचा, आदाम आणि हव्वा बागेतून हाकलली जातात. समोरच्या खांबावर मासोलिनोने हीच दोघे पापाच्या क्षणी रंगवली आहेत. किती नीटस, जणू फोटोसाठी उभी! आणि इकडे? हव्वेची मान मागे पडली आहे, तोंड उघडे आहे, डोळ्यांच्या जागी दोन काळे फराटे. ती हातांनी अंग झाकते. आदाम अंग झाकीत नाही, दोन्ही तळहातांत तोंड लपवितो. हुंदक्याने त्याचे पोट आत ओढले गेले आहे. मागे बागेचे दार किती अरुंद! वर तांबड्या वस्त्रांतला देवदूत तलवार घेऊन आहे. पण तो कोणाला ढकलीत नाही. ढकलण्याची गरजच उरलेली नाही.

‘उत्पत्ती’च्या पुस्तकाप्रमाणे हाकलण्यापूर्वी देवाने दोघांना चामड्याची वस्त्रे घातली होती. मासाच्चोने ती काढून घेतली. मला वाटते, हे त्याने जाणूनबुजून केले. देवाची ती शेवटची माया अंगावर असती, तर या दोघांचे उघडे पडणे आपल्याला इतके झोंबले नसते.

पुढल्या लोकांना मात्र ही नग्नता सोसवेना. १६८० च्या सुमारास दोघांच्या कमरेला पाने रंगविण्यात आली. (शालीनतेचे रखवालदार कोठे नसतात?) त्यामुळे झाले असे, की आदाम आधीच झाकलेला, मग तो तोंड लपवितो तरी कशासाठी, हे कळेनासे झाले. १९८० नंतरच्या दशकात भिंतींची साफसफाई झाली, तेव्हा काजळीबरोबर ती पानेही गेली.

आत एका वेळी थोडीच माणसे सोडतात, तीही ठरलेल्या वेळेपुरती. भिंतींवर सेंट पीटरच्या कथा पुष्कळ आहेत, त्याही सुंदर आहेत. तरी निम्मा वेळ या खांबाशी द्यावा.